चिनहटचा मुक्काम आणि नेटच्या तीन वाटा

लखनौ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बडा इमामबाडा, हजरतगंज, चिकनचे कुर्ते आणि कबाबचा घमघमाट. चिनहट येत नाही. पण आता अयोध्येला जाणारी मराठी कुटुंबं वाढली आहेत, आणि लखनौहून अयोध्येकडे निघालं की शहर संपता संपता लागतं ते हे चिनहट. तेव्हा नाव ठाऊक नसलं, तरी पुढच्या वर्ष-दोन वर्षांत तुम्ही तिथून जाण्याची शक्यता बरीच आहे.

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने निघालात तर दुसऱ्या दिवशी लखनौला उतराल. चारबागहून मेट्रोने मुन्शी पुलियापर्यंत जायचं आणि तिथून ई-रिक्षा बदलत चिनहट गाठायचं. किंवा सामान जास्त असेल तर सरळ टॅक्सी. पॉलिटेक्निक चौराहा, कमता, मटियारी अशी नावं मागे पडत जातात. चिनहटला रस्ता फुटतो. सरळ गेलात तर बाराबंकी आणि पुढे अयोध्या. डावीकडचा देवा रोड जातो हाजी वारिस अली शाह यांच्या दर्ग्याच्या गावाला, म्हणजे देवा शरीफला. तिथे होळीला सगळ्या धर्मांचे लोक रंग खेळतात.

एके काळी चिनहटची ओळख होती चिनी मातीच्या भांड्यांची. पांढुरक्या अंगावर हिरवी-तपकिरी चकाकी आणि साधी भौमितिक नक्षी. आज रस्त्याकडेच्या दुकानांत खुर्ज्याहून आलेला मालही भरपूर दिसतो, पण विचारून घेतलं तर जुन्या धाटणीचा एखादा वाडगा हाती लागतो. बाकी चिनहट म्हणजे कॉलेजं, गोदामं, कारखाने, नवे उंच टॉवर आणि त्यांच्या मधोमध जुन्या गल्ल्या. गाव आणि शहर यांच्या शिवेवरची कुठलीही वस्ती असते तशीच. रस्ता कायम कुठे ना कुठे उकरलेला, आणि डोक्यावर वायरींचं जाळं.

आजचा लेख त्या वायरींबद्दल आहे.

नेट गेलं तर काय अडतं?

माझी मावशी आणि काका गेली कित्येक वर्षं देवा रोडजवळच्या एका कॉलनीत राहतात. काकांची नोकरी तिकडची, मग घरही तिकडचंच झालं. मुलगा कॅनडात. गेल्या हिवाळ्यात मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि सोबतीला कोण, हा प्रश्न उभा राहिला. माझी रजा शिल्लक होती चार दिवस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिले तीन आठवडे घरात कुणीतरी तरुण माणूस हवं.

माझं काम लिखाणाचं, ऑफिस पुण्यात. साहेबांनी तिथून काम करायला परवानगी दिली, पण अट स्पष्ट होती : सकाळची आणि दुपारची मीटिंग चुकता कामा नये. म्हणजे नेट टिकलं तर मी मावशीजवळ राहणार, नाही टिकलं तर पाचव्या दिवशी परतीची गाडी. शिवाय पहिला आठवडा संपल्यावर फिजिओथेरपिस्ट एक दिवसाआड व्हिडिओ कॉलवर व्यायाम घेणार होते. आणि रोज संध्याकाळी, म्हणजे कॅनडातल्या सकाळी, मुलगा आईला चालताना बघणार होता. त्या कॉलची मावशी दुपारपासून वाट बघायची. चार पावलं जास्त चालायची ती त्याला दाखवायला.

तुमच्याकडेही असंच काही असेल. कुणाची ऑनलाइन मुलाखत, कुणाची परीक्षा, कुणाचा डॉक्टरांशी कॉल, कुणाचं प्रवासातून चाललेलं ऑफिस. अशा वेळी ‘नेट आहे’ एवढं पुरत नाही. गेलं तर पुढच्या मिनिटाला दुसरं हवं. त्यासाठी प्रवासात नेण्याजोगा एक छोटा राउटर मिळतो. त्याला ट्रॅव्हल राउटर म्हणतात.

दोन वायरी, एक खांब

राउटरकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय राउटरचा उपयोग नाही.

मावशीच्या शेजारच्या घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नेटची कनेक्शनं होती. दोघांचं बिल दरमहा भरायचे, निर्धास्त असायचे. एका सकाळी विटांचा उंच भरलेला ट्रक गल्लीत शिरला आणि कोपऱ्यावरच्या खांबावरच्या वायरी ओढून घेऊन गेला. दोन्ही कंपन्यांच्या वायरी त्याच खांबावरून आल्या होत्या. दोन्ही एकदम गेल्या आणि चार दिवस आल्या नाहीत.

म्हणजे कनेक्शनं किती आहेत हे मोजण्यापेक्षा ती कुठे कुठे एकत्र येतात हे बघायला हवं. खिडकीतून वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघा. दोन वायरी एकाच खांबावर, एकाच चरात किंवा जिन्याखालच्या एकाच पेटीत असतील, तर संकटाच्या दिवशी ती एकच वायर समजा. मोबाइलचंही तसंच. दोन कंपन्यांची सिमकार्डं घेतली तरी दोन्ही कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर बसवलेली असू शकतात. आपल्या देशात टॉवर वाटून घेण्याची पद्धत सर्रास आहे.

मग चांगली जोडी कोणती? एक वाट जमिनीवरून आणि दुसरी हवेतून. घरातली वायर पहिली, मोबाइलचं सिम दुसरं. तिसरी हवीच असेल तर शेजाऱ्यांचं किंवा हॉटेलचं वायफाय, अर्थात त्यांना विचारून.

ही डबी करते काय?

ट्रॅव्हल राउटर साधारण साबणाच्या डबीएवढा असतो. तो घरात स्वतःचं एक वायफाय तयार करतो. घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही त्या एकाच वायफायला जोडायचे. बाहेरून नेट कुठून आणायचं, ते ही डबी बघते. त्यासाठी तिला साधारण तीन दारं असतात.

पहिलं दार वायरीचं. घरातल्या नेटच्या पेटीतून निघालेली वायर इथे लागते.

दुसरं दार वायफायचं. हॉटेलचं किंवा शेजाऱ्यांचं वायफाय ही डबी स्वतः पकडते आणि पुढे आपल्या घरच्यांना देते. सेटिंगमध्ये याला ‘रिपीटर’ म्हणतात.

तिसरं दार यूएसबीचं. मोबाइल फोन चार्जिंगच्या केबलने डबीला जोडायचा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करायचं. फोनचा डेटा डबीमार्फत सगळ्या घराला मिळतो.

बाहेरच्या नेटच्या प्रत्येक जोडणीला तंत्रज्ञांच्या भाषेत ‘वॅन’ म्हणतात. शाळेच्या व्हॅनशी काही संबंध नाही. अनेक जोडण्या एकत्र सांभाळण्याच्या सोयीचं नाव ‘मल्टी-वॅन’. विकत घेताना दुकानदाराला हाच शब्द विचारा. सगळ्याच छोट्या राउटरमध्ये ही सोय नसते. मी वापरला तो जीएल डॉट आयनेट कंपनीचा होता. तो ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ नावाच्या मुक्त प्रणालीवर चालतो. ही प्रणाली २००४ पासून जगभरचे लोक मिळून घडवत आले आहेत. दुसऱ्या कंपन्यांचेही राउटर मिळतात. नावं बदलतील, पण पायऱ्या साधारण सारख्याच असतील.

लावायची कशी?

हे काम निघण्याआधी आपल्या घरी करा. नव्या गावात, दमलेल्या अंगाने, सासरच्या किंवा माहेरच्या मंडळींच्या गराड्यात करायला घेऊ नका.

१. डबीला वीज द्या. फोनच्या वायफायच्या यादीत तिचं नाव दिसेल. पहिला पासवर्ड डबीच्या पोटावर छापलेला असतो.

२. फोनच्या ब्राउझरमध्ये डबीचा पत्ता टाका. माझ्या डबीचा १९२.१६८.८.१ असा होता. आकडे अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरचे. तुमचा पत्ताही डबीच्या पोटावर असेल.

३. सगळ्यात आधी दोन पासवर्ड बदला : सेटिंगमध्ये शिरण्याचा आणि वायफायचा. दोन्ही वेगळे ठेवा. वायफायचा पासवर्ड पाहुण्यांना द्यावा लागतो, सेटिंगचा कुणालाच नाही.

४. डबीची आतली प्रणाली अपडेट करून घ्या. प्रवासात मोबाइल डेटावर हे काम नको.

५. आता एकेक दार स्वतंत्रपणे तपासा. फक्त वायर लावून नेट चालतं का बघा. वायर काढा, फक्त फोन जोडून बघा. फोन काढा, फक्त वायफाय पकडून बघा. तिन्ही एकदम लावून बसलात तर बिघाड कुठे आहे ते कळणार नाही.

६. तिन्ही चालतात अशी खात्री झाली की ‘नेटवर्क’मध्ये ‘मल्टी-वॅन’ उघडा. इथे क्रम लावायचा असतो. मी वायर पहिली ठेवली, शेजाऱ्यांचं वायफाय दुसरं, मोबाइल तिसरा. मोबाइल शेवटी, कारण त्याचा डेटा मोजून मिळतो.

शेजाऱ्यांची वायर आमच्याच खांबावरून येत होती हे लक्षात घेतलं, तर खरा आधार मोबाइलचाच होता. शेजाऱ्यांचं वायफाय उपयोगी पडायचं ते फक्त आमच्या कंपनीचीच गडबड असेल तेव्हा.

७. शेवटची पायरी बरेच जण सोडून देतात. राउटरला नेट गेलंय हे कळणार कसं? वायर जागेवर असते, हिरवा दिवा लागलेला असतो, पण पुढे दोन किलोमीटरवर काहीतरी तुटलेलं असतं. अशा वेळी डबी दिव्यावर विश्वास ठेवून बसली तर तुम्हीही बसून राहाल. म्हणून तिला दर काही सेकंदांनी दूरच्या एखाद्या पत्त्याला हाक मारायला सांगायचं. ओ आली तर वाट चालू, लागोपाठ काही हाकांना ओ आली नाही तर वाट बंद. या हाकेला ‘पिंग’ म्हणतात. सेटिंगमध्ये असे पत्ते आधीच भरलेले असतात, उदाहरणार्थ ८.८.८.८ किंवा १.१.१.१. किमान दोन वेगळे पत्ते असू द्या. एकच असेल आणि नेमका तोच ओ देईना झाला, तर डबी चालू वाट बंद समजेल.

हॉटेलात आणखी एक पायरी असते. तिथलं वायफाय जोडलं की नाव, खोली क्रमांक आणि ओटीपी मागणारं पान येतं. डबी रिपीटरवर ठेवून ती जोडलेल्या फोनमध्ये ब्राउझर उघडा. ते पान तिथेच दिसेल. एकदा भरलं की घरातल्या सगळ्यांना वेगवेगळं भरायला नको. पान दिसलंच नाही तर फोनचा मोबाइल डेटा थोडा वेळ बंद करून बघा.

राखीव वाट की दोन्ही एकदम?

मल्टी-वॅनमध्ये दोन पद्धती असतात. ‘फेलओव्हर’ म्हणजे एक वाट चालू, बाकीच्या राखीव. पहिली गेली की दुसरी लागते. ‘लोड बॅलन्स’ म्हणजे दोन्ही वाटा एकदम चालू आणि काम वाटून दिलेलं.

ऐकायला दुसरी पद्धत छान वाटते. ५० एमबीपीएसची वायर आणि २० चा मोबाइल, झाले ७०! पण तसं होत नाही. एक डाउनलोड किंवा एक व्हिडिओ कॉल बहुधा एकाच वाटेने जातो. त्याला त्याच वाटेचा वेग मिळतो. फायदा होतो तो घरात चार माणसं चार वेगळ्या गोष्टी करत असतील तेव्हा. उलट बँकेच्या किंवा सरकारी साइटवर तुमची एक विनंती एका पत्त्यावरून आणि दुसरी दुसऱ्या पत्त्यावरून गेली, तर साइट संशय घेऊन तुम्हाला बाहेर काढू शकते. शिवाय मोजून मिळणारा मोबाइल डेटा विनाकारण संपतो. घरगुती वापराला फेलओव्हर बरं.

फेलओव्हरचीही एक मर्यादा आहे. वाट बदलते तेव्हा काही सेकंद जातात आणि बाहेरच्या जगाला तुमचा पत्ता बदललेला दिसतो. चालू व्हिडिओ कॉल थबकतो. कधी आपोआप जोडला जातो, कधी पुन्हा जोडावा लागतो. म्हणून महत्त्वाच्या कॉलच्या सुरुवातीला समोरच्याला सांगून ठेवा, ‘आवाज गेला तर अर्धा मिनिट थांबा, मी येते.’ फिजिओथेरपिस्टना पहिल्या दिवशी हे सांगून ठेवल्यामुळे नंतर एकदाही गोंधळ झाला नाही.

इस्माइलगंजचा रस्ता

संध्याकाळी मावशीचा कॉल आटोपला की काका आणि मी फिरायला निघायचो. एकदा रिक्षाने इस्माइलगंजच्या बाजूला गेलो. काका म्हणाले, ‘अगं, इंग्रजांची दाणादाण उडाली ती इथेच.’

३० जून १८५७. अवधचा चीफ कमिशनर हेन्री लॉरेन्स जवळजवळ सहाशे शिपाई आणि तोफा घेऊन लखनौहून चिनहटच्या दिशेने निघाला. समोर थोडंसं सैन्य असेल अशा समजुतीत. प्रत्यक्षात बरकत अहमदच्या नेतृत्वाखाली हजारो सैनिक इस्माइलगंजच्या आसपास दबा धरून होते. ऐन उन्हाळ्यात लढाई झाली, इंग्रजांचा पराभव झाला आणि उरलेले लोक कुकरैलच्या पुलावरून कसेबसे मागे पळाले. त्यानंतर लखनौची रेसिडेन्सी वेढली गेली. लॉरेन्स ४ जुलैला मेला. दुसऱ्याच दिवशी बेगम हजरत महल यांचा मुलगा बिरजिस कद्र अवधच्या गादीवर बसला. वेढा मात्र नोव्हेंबरपर्यंत चालला.

ही गोष्ट आपल्या विषयात कशी आली, ते सांगते. वेढ्यात अडकलेल्यांना बाहेर निरोप धाडण्याचा सरळ मार्ग उरला नव्हता. मग एकच उपाय राहिला, माणूस. अंगद नावाचा पेन्शनर शिपाई पिसाच्या पोकळ दांडीत गुंडाळलेली चिठ्ठी घेऊन रात्री वेढ्यातून निसटायचा. चिठ्ठी पकडली गेली तरी वाचता येऊ नये म्हणून काही मजकूर ग्रीक अक्षरांत लिहिलेला असे. तो परत येईपर्यंत आतल्यांना काही कळायचं नाही. नोव्हेंबरात कनौजीलालबरोबर कॅव्हना नावाचा कारकून वेश बदलून बाहेर पडला. त्याच सुमारास रेसिडेन्सीच्या छपरावर खुणांचा खांब उभारून दूरच्या आलमबागेशी बोलण्याची सोय झाली. पायी जाणाऱ्या माणसाच्या जोडीला नजरेच्या टप्प्यातली दुसरी वाट. एक जमिनीवरून, एक हवेतून.

आपण कुणाच्या बाजूने आहोत ते बाजूला ठेवा. अडकलेल्या माणसाची गरज तेव्हाही तीच होती. एक वाट बंद झाली तर दुसरी अशी हवी की तिला तोच पहारेकरी अडवू शकणार नाही. रेसिडेन्सीचे तोफगोळ्यांनी फुटलेले अवशेष आजही तसेच जपून ठेवले आहेत. लखनौला गेलात तर जरूर बघा. आणि जाता जाता कैसरबागेतलं भातखंडे विद्यापीठही बघा. पंडित विष्णू नारायण भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ साली तिथे संगीताचं कॉलेज सुरू झालं. लखनौ आपल्या माणसांना परकं नाही ते तेव्हापासून.

वीज गेली की

उत्तर भारतातल्या उन्हाळ्यात आणि धुक्याच्या दिवसांत वीज जाते, हे धरून चाला. डबीला यूएसबीची साधी वीज लागते, त्यामुळे ती पॉवर बँकेवर चालते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ३७ वॉट-तास वीज मावते. डबी पाच वॉट खाते असं धरलं आणि वाया जाणारी वीज वजा केली, तरी पाच तास निघतात. फक्त पॉवर बँक किती वोल्ट, किती अँपिअर देते आणि डबीला किती हवी, हे जुळवून घ्या. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही.

पण डबी जिवंत राहून उपयोग काय, जर नेट आणणारी मोठी पेटीच बंद पडली? घरात इन्व्हर्टर असेल तर त्या पेटीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, ते आधी विचारा. नसेल तर तिच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. फायबर थेट घरापर्यंत येत असेल, तर वाटेतल्या जोडण्यांना बहुधा वीज लागत नाही. त्यामुळे गल्लीत अंधार असला तरी नेट चालू शकतं. गल्लीतल्या केबलवाल्याची तांब्याची वायर असेल, तर जिन्याखाली किंवा खांबावर त्याचं यंत्र असतं आणि विजेबरोबर तेही झोपतं. तुमच्याकडे यातलं कोणतं आहे, हे एकदा वीज गेली की कळतंच. तेव्हा वीज गेल्यावर आधी मेणबत्ती शोधा आणि मग पेटीचे दिवे बघा.

घरातले नियम

मोबाइलची वाट लागली की घरात कळायला हवं. नाहीतर कार्टून चालूच राहतं आणि दुपारी मीटिंगच्या वेळी दिवसाचा डेटा संपलेला असतो. हिशोब साधा आहे. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला येताना आणि जाताना मिळून तासाला साधारण एक जीबी लागतो. एचडी सिनेमाला तासाला तीन जीबीपर्यंत जातो. रोज दोन जीबीचा पॅक असेल तर सिनेमा एक तासही पुरा होणार नाही.

डबीत पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करता येतं. टीव्ही आणि मुलांचे टॅब त्यावर ठेवा. मोबाइलची वाट लागली की ते वायफाय बंद करायचं, एवढंच काम. ज्या फोनमधून डेटा येतो त्याचं अपडेट आणि फोटोंचं बॅकअपही बंद ठेवा. फोन कव्हरमधून काढून, उन्हापासून दूर, हवेशीर जागी ठेवा. तासन् तास डेटा देणारा फोन तापतो.

सिम कोणतं घ्यायचं, हे जाहिरात बघून ठरवू नका. घरातल्या तीन-चार जागी, सकाळी अकराला आणि रात्री नऊला वेग मोजून बघा. मावशीकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत जे सिम झक्कास चालायचं, ते आतल्या खोलीत मान टाकायचं. म्हणून आमचा डेटा देणारा जुना फोन तीन आठवडे डाळींच्या डब्यांशेजारी राहिला. मावशी म्हणायची, ‘ह्याला पण एक वाटी तांदूळ लावते मी उद्यापासून.’

मुद्दाम वायर काढा

सगळं लावून झालं की खोटं संकट आणा. घरच्यांना सांगा, बाजूला घड्याळ ठेवा.

आधी डबीची वायर काढा. नेट किती सेकंदांत परत येतं ते मोजा. मग वायर लावून बाहेरून मोठ्या पेटीत येणारी तांब्याची वायर काढा, म्हणजे पेटीचा दिवा चालू पण नेट नाही अशी स्थिती येईल. हीच खरी परीक्षा. फायबरची काचेची बारीक दोरी मात्र ओढू-वाकवू नका, ती नाजूक असते. घरी फायबर असेल तर ही दुसरी परीक्षा सोडून द्या.

तिसरी तपासणी आहे खुद्द डबीची. सगळं घर ज्या एका डबीवर अवलंबून, तीच बिघडली तर? यावर एक सोपी युक्ती आहे. तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटला डबीच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड देऊन ठेवा, पण एरवी हॉटस्पॉट बंद ठेवा. डबी गेली की तिचा प्लग काढा आणि हॉटस्पॉट सुरू करा. घरातले फोन आणि लॅपटॉप बहुधा आपोआप त्याला जोडले जातील. आजी-आजोबांना काही बदलावं लागणार नाही.

आणि हो, दोन दिवसांच्या सहलीसाठी ही सगळी उठाठेव करू नका. तिथे फोनचा हॉटस्पॉट पुरतो. ज्या घरी आठ-पंधरा दिवस राहायचंय, चार-पाच माणसं नेट वापरणार आहेत आणि एखादं काम अडून चालणारच नाही, तिथेच ही डबी आपली किंमत वसूल करते. अयोध्येला गर्दीच्या दिवशी सगळ्यांचेच फोन एकाच वेळी टॉवरवर तुटून पडतात. तेव्हा मोबाइलच्या बाजूला हॉटेलची वायर किंवा वायफाय असलेलं बरं.

चिनहटच्या तीन आठवड्यांत आमची वायर सहा वेळा गेली. त्यातल्या चार वेळा मला फक्त डबीच्या पानावर नजर टाकल्यावर कळलं. एकदा मावशी फिजिओच्या कॉलवर पाय उचलून बसली होती. चित्र थिजलं, वीसेक सेकंदांनी परत आलं. पलीकडून आवाज आला, ‘हां जी, अब नीचे.’ मावशी रागाने म्हणाली, ‘ह्या डबीपायी माझा पाय उगाच जास्त वेळ वर राहिला.’

निघताना डबी मी तिथेच ठेवली. तिच्या वरच्या भिंतीवर काकांच्या अक्षरातला एक कागद चिकटवला आहे. नेट गेलं तर आधी अर्धा मिनिट थांबा. तरी आलं नाही तर डाळींच्या शेजारचा फोन चालू आहे का बघा. तोही चालू असेल तर डबीचा प्लग काढून परत लावा. तीनच ओळी, मोठ्या अक्षरात. तुम्ही कुणा वडीलधाऱ्यांच्या घरी अशी डबी लावून आलात, तर असा कागद तुमच्या नाही, त्यांच्याच हातून लिहून घ्या. वाचायचा त्यांनाच आहे.